तळटीप : ‘उत, रे, मी’

* उत, रे, मी : ‘डो’च्या जागी ‘उत’ ही मुद्रणातली चूक नव्हे, जुने नाव तेच. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझ्झोचा ग्विदो हा बेनेडिक्टाइन साधू गायक पोरांना न ऐकलेली चाल शिकवण्याच्या खटपटीत होता. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या सणाला (२४ जून) गायचे एक लॅटिन स्तोत्र त्याने हाताशी धरले. त्याच्या पहिल्या कडव्यातले सहा चरणखंड एकेक स्वर वर चढून सुरू होतात. त्यांची आद्याक्षरे म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. शब्द आठव्या शतकातल्या पॉल द डीकनचे, अशी परंपरा. चाल ग्विदोनेच बांधली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. सातवा ‘सी’ फार नंतर आला, बहुधा संत योहानाच्या लॅटिन नावाच्या आद्याक्षरांवरून. ‘उत’ला लांबवायला स्वरान्त नाही, म्हणून सतराव्या शतकात इटलीत ‘डो’ रुळला. फ्रेंचांनी मात्र ‘उत’ पुरता टाकलेला नाही. ग्विदोचा ‘उत’ आपल्या षड्जासारखा जागा बदलू शके, मी-फामधले अर्धस्वराचे अंतर तेवढे कायम. आपला ‘रे’ ऋषभाचा, त्यांचा स्तोत्रातला. त्यांची सांगड घालण्याचा मोह अनेकांना झाला आहे, पण तिला पुरावा नाही. – संपा.