प्रोसेसर बदल (जुन्या डेस्कटॉप संगणकातील)

मदरबोर्ड, कॅबिनेट आणि डिस्क तीच ठेवून मूळ प्रोसेसरच्या जागी त्याच सॉकेटमध्ये बसणारा अधिक ताकदीचा प्रोसेसर घालणे. आहे तेच मशीन आणखी काही वर्षे चालावे, एवढाच त्यामागचा हेतू असतो. कल्पना जुनीच आहे : 1992 मध्ये इंटेलने 486 संगणकांसाठी ‘ओव्हरड्राइव्ह’ प्रोसेसर खास याच कामासाठी बाजारात आणले होते.

नंदुरबार जिल्ह्यात (स्थापना 1 जुलै 1998) या कामाला वेगळे महत्त्व आहे. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. आज जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज ही सगळी कामे संगणकावरूनच होतात. सेवा केंद्रातले मशीन रखडले की डोंगरातून पायपीट करून आलेल्या माणसाचा दिवस वाया जातो. धडगाव किंवा मोलगीला सुटे भाग हाताशी नसतात, म्हणून तिथे हा बदल करायचा तर आधी नीट चौकशी करूनच करावा.

चौकशी सुरू होते मदरबोर्डपासून. कोणता प्रोसेसर चालेल हे सॉकेट, चिपसेट आणि बायोस ही तिन्ही मिळून ठरवतात. नुसते सॉकेट जुळून भागत नाही. इंटेलचे 1151 सॉकेट याचे ठळक उदाहरण. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण संगणक सुरू होत नाही. बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती पाहून उत्पादकाने दिलेली प्रोसेसरची यादी तपासणे, हाच खात्रीचा मार्ग. मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत बायोसची मर्यादा अधिक कडक असू शकते.

2004 मध्ये आलेल्या 775 सॉकेटच्या संगणकावर आता पैसे घालू नयेत. कोअर टू ड्युओ काढून कोअर टू क्वाड बसवता येतो, पण बहुतेक बोर्डांवर रॅम जुन्या पद्धतीचीच राहते आणि नव्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या काही सूचना त्या पिढीतल्या प्रोसेसरला समजतच नाहीत. 1155 सॉकेटची गोष्ट वेगळी. 2011 पासून आलेले एच61 चिपसेटचे बोर्ड अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. त्यांवरचा दोन गाभ्यांचा आय3-2100 काढून चार गाभ्यांचा आय5-3470 किंवा आय7-3770 बसवला, तर एकाच वेळी ब्राउझर, स्कॅनर आणि प्रिंटर चालवताना फरक लगेच जाणवतो. हे प्रोसेसर आता वापरलेलेच मिळतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा अशा मालाचा जुना बाजार. एएमडीच्या एएम4 सॉकेटने मात्र सगळ्यांत लांबची साथ दिली : 2017 मधल्या पुष्कळ बोर्डांवर बायोस अद्ययावत करून रायझन 5000 मालिकेतले प्रोसेसर चालतात.

तरीही पहिला खर्च प्रोसेसरवर करू नये. संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. एसएसडी आणि 8 जीबी रॅम घातल्यावरही प्रोसेसरचा वापर सतत शंभर टक्क्यांवर राहिला, तरच तो बदलावा.

बायोस अद्ययावत करण्याची गरज असेल तर ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करावे. या कामात मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी तपासावी आणि भारनियमनाची वेळ टाळावी. खोलण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवावा, म्हणजे वाळलेली थर्मल पेस्ट सैल होते. मग वायर काढून हीटसिंक सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवावी. एएमडीच्या एएम4पर्यंतच्या प्रोसेसरना खालून पिना असतात. घाईने ओढले तर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून उपसला जातो आणि पिना वाकतात. इंटेलच्या वरील बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोटाचा स्पर्शही नको. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. जुनी पेस्ट पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट पुरते. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी त्याच वेळी बदलावी. ती उतरली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात.

उष्णतेचा विचार नंदुरबारमध्ये दुप्पट करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये खोलीतच पारा चाळिशी ओलांडतो आणि साध्या पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की तो स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचे जाते. आय3-2100ची कमाल उष्णता 65 वॅटची मानलेली, आय5-3470ची 77 वॅटची. त्यामुळे आधीची छोटी हीटसिंक चालेल असे गृहीत धरू नये. मिरचीच्या पथारींजवळच्या आणि कच्च्या रस्त्यालगतच्या दुकानांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसतो. तो वर्षातून दोनदा तरी ब्रशने काढावा.

एक मर्यादा प्रोसेसर बदलूनही सुटत नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. 1155 सॉकेटवरचा सर्वोत्तम प्रोसेसरही या अटीत बसत नाही. शाळेच्या संगणक कक्षासाठी अशा मशीनवर लिनक्स टाकावे; सी-डॅकचे ‘बॉस’ हे त्याचेच भारतीय रूप असून त्यात मराठी लिहिता-वाचता येते. शासकीय पोर्टलवर अंगठा घेणारे यंत्र किंवा डिजिटल सही वापरणाऱ्या केंद्राने मात्र त्या उपकरणाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे आधी पाहावे.

काढलेला प्रोसेसर नवा नीट चालेपर्यंत कडक प्लॅस्टिकच्या डबीत जपून ठेवावा. कायमचा टाकायचा झाल्यास 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावा, भंगारवाल्याकडे नाही.