बोलपटातल्या गाण्याचे कूळ

मराठी संगीत बोलपट हा संगीत नाटकाचा वारस, हे सगळेच मानतात. वारसा नेमका कशाचा, असे विचारले की बहुतेक जण गाजलेल्या नाटकांच्या कथांकडे बोट दाखवतात. माझ्या मते हा वारसा कथांचा नसून गाणाऱ्या नटांचा आहे, आणि त्याचा माग काढताना आजच्या कर्नाटकाकडेच वळावे लागते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. भाव्यांच्या खेळात गाण्याचा भार सूत्रधारावर असे. पात्रे हावभाव करीत आणि सुचेल तसे बोलत. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पदे थेट पात्रांच्या तोंडी घातली. भूमिकेत राहून गाणारा नट इथून घडत गेला, आणि पुढच्या साऱ्या गोष्टीला हाच नट कारण आहे.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला तेव्हा पार्श्वगायन नव्हते. साजिंदे कॅमेऱ्याच्या नजरेआड दडून वाजवीत, नट मायक्रोफोनच्या टप्प्यात राहून अभिनय करता करता गाई, आणि चित्र व आवाज एकाच वेळी टिपले जात. चूक झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. ही तयारी असलेली माणसे नाटक कंपन्यांखेरीज कुठे मिळणार? म्हणूनच प्रभातच्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे संगीतकारही होते आणि हरिश्चंद्रही.

यावर कोणी म्हणेल, मग बालगंधर्व पडद्यावर का रमले नाहीत? ‘धर्मात्मा’ (१९३५) या एकाच चित्रपटानंतर त्यांची प्रभातशी भागीदारी संपली. १९३७ साली बाबूराव पेंटरांनी त्यांचे ‘अमृतसिद्धी’ नाटकच ‘साध्वी मीराबाई’ म्हणून चित्रित केले, तरी ते पुन्हा रंगभूमीवरच परतले. आक्षेप वजनदार आहे. पण रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या विष्णुपंत पागनीसांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षभराहून अधिक चालला. त्यातले शांताराम आठवल्यांचे पद लोकांनी तुकोबांचाच अभंग मानले, इतके ते पागनीसांच्या तोंडी सहज बसले. गाणारा नट पडद्याला चालतो. त्याच्यासोबत अख्खे नाटक उचलून आणले तर ते चालत नाही. स्पेनचा दाखलाही हेच सांगतो. १९३८ साली बर्लिनमध्ये चित्रित झालेल्या ‘कार्मेन, ला दे त्रियाना’ला बिझेच्या १८७५ च्या ऑपेराची कीर्ती मागे होतीच, पण इंपेरिओ आर्जेंतिनाने त्यात गायली ती अंदालुसियाच्या ढंगाची गाणी.

आणि कर्नाटकाकडून आलेले हे देणे एकेरी राहिले नाही. १९३४ साली झळकलेला कानडीतला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ नाटक कंपन्यांतल्या नटांना घेऊन कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला.