वर्धेचे उतार आणि पेशव्यांची अखेरची फौज

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या दुआबातील वणी व केळापूर हे आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे तालुके १८१८ च्या एप्रिल महिन्यात तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील एका निर्णायक मोहिमेचे क्षेत्र ठरले, आणि या मोहिमेचा कल बऱ्याच अंशी नद्यांनीच ठरवला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क सोडावा लागल्यापासून ही नदी निजामाचा मुलूख आणि नागपूरचे राज्य यांची सीमा झाली होती.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडल्यानंतर दुसऱ्या बाजीरावापुढे जे थोडे मार्ग उरले होते, त्यांतील सर्वांत आशेचा मार्ग वर्धा ओलांडून चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, किल्ल्याचा आश्रय घेण्याचा आणि आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करण्याचा होता. परंतु आप्पासाहेबांना इंग्रजांनी मार्चमध्येच कैद केले होते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी वर्धा चैत्र-वैशाखात इतकी आटते की ठिकठिकाणी ‘उतार’, म्हणजे पायी अथवा घोड्यावरून पार होता येईल अशा उथळ जागा, मोकळे होतात.  वऱ्हाडात नदी ही आडवी रेषा होती, आणि तिचे उतार ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती मोहिमेची सूत्रे असत.

नागपूरकडून आलेल्या कर्नल स्कॉटच्या तुकडीने चांद्याची वाट अडवली, जालन्याकडून जनरल डव्हटन पुढे सरकला आणि हिंगणघाटहून निघालेल्या कर्नल ॲडम्सने १७ एप्रिल रोजी पांढरकवड्यानजीक सिवनी येथे पेशव्यांना गाठले. ॲडम्सजवळ घोडदळाची एक पलटण आणि घोडतोफखाना, म्हणजे घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या हलक्या तोफांचे दल, एवढेच सैन्य असले, तरी बुणग्यांच्या, म्हणजे न लढणाऱ्या नोकर-चाकरांच्या आणि सामानसुमानाच्या, भाराने जडावलेल्या मराठी लष्कराला त्या तोफांपुढे टिकाव धरता आला नाही. पेशव्यांच्या उरलेल्या पाच तोफा, तसेच हत्ती आणि उंटही, शत्रूच्या हाती लागले. बाजीराव घोड्यावर बसून निसटले, पण त्यानंतर बहुतेक सैन्य पांगले.

२० मे रोजी चांद्याचा किल्ला पडला आणि ३ जून रोजी बाजीरावांनी सर जॉन माल्कमच्या स्वाधीन होऊन सालीना आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन व बिठूरचा निवास पत्करला. शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजी निशाण चढले, तेव्हा पुणे गेले होते, पेशव्यांची फौज मात्र मैदानात उभी होती. बरोबर पाच महिन्यांनी, वर्धेच्या अलीकडे केळापूरच्या मुलखात, ती फौजही मोडली. म्हणून पेशवाईच्या अखेरीचा इतिहास पुण्यापाशी थांबवून चालत नाही. त्यात सिवनीच्या रणाला स्थान द्यावेच लागते.