खाजण, मीठ आणि खनिज

घाटनांदूरच्या स्टेशनावर उतरून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जाणाऱ्यांत कोकणातली कुटुंबेही असतात. समुद्राकाठच्या चित्पावनांची कुलदेवता समुद्रापासून इतक्या दूर, बालाघाटाच्या डोंगरात कशी, याच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण किनारा आणि आपला हा मुलूख यांचे नाते देवीपुरतेच नव्हते. आपल्या काळ्या मातीत ज्वारी पिकते, तूर पिकते, कापूस पिकतो. मीठ काही पिकत नाही. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनचे मीठ लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून येई, आणि परतताना त्याच पाठींवरून धान्य खाली उतरे. अशा मिठाची आगरे ज्या किनाऱ्यावर होती, त्यांपैकी एक गोवा.

गोवा आहे तरी केवढा? ३,७०२ चौरस किलोमीटर. बीड जिल्ह्यात जवळजवळ तीन गोवे मावतील! पण पाऊस पाहावा तर आपल्या चौपट, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, आणि मध्ये मांडवी व जुवारी या दोन नद्या. यांना नद्या म्हणायचे खरे, पण भरतीच्या वेळी समुद्र त्यांच्यातून कितीतरी कोस आत शिरतो. गोव्याचा सारा इतिहास या खाऱ्या पाण्याशी माणसाने केलेल्या तडजोडीचा आहे, असे मला वाटते. आपल्याकडच्या बहुतेकांच्या मनात गोवा म्हणजे देवळे, चर्च आणि समुद्रकिनारे एवढेच असते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो.

नदीकाठची दलदल बांध घालून समुद्राकडून हिसकावून घेतलेली जमीन, तिला म्हणतात खाजण. बांध चिखलाचा, गवताचा आणि जांभ्या दगडाचा. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांचे दार, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याने ती उघडते आणि शेतातले पाणी वाहून जाते. पहारेकरी नको, यंत्र नको. पावसाळ्यात पाऊस शेतातला खारटपणा धुऊन काढतो आणि तेथे कोरगूट नावाचे खारेपणा सोसणारे भात उभे राहते. भात निघाल्यावर आतल्या पाण्यात मासळी, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ. एकाच तुकड्यातून अन्न, कोरड्यास आणि वर मीठही! अशी खाजणे गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर मोजली गेली आहेत.

पण खेकड्याने बांधाला एक बीळ पाडले तरी पुढच्या भरतीला ते भगदाड होते. एकट्या शेतकऱ्याच्या हातून हे निभणे नाही. म्हणून जमीन एकेकाची नव्हती, गावाची होती. गावकरी या संस्थेने दरसाल शेते लिलावाने कसायला द्यावीत, आलेल्या पैशातून बांध, तळी आणि देऊळ सांभाळावे, आणि उरेल ते गावकारांनी वाटून घ्यावे, अशी रीत होती. या वाटणीला जोण म्हणत. शेतात राबणारे कुळवाडी आणि गावडे या वाटणीत बहुधा नसत, हेही विसरून चालणार नाही.

राज्ये आली आणि गेली. कदंब गेले, १४७२ मध्ये बिदरच्या बहामनींचा वजीर महमूद गवान याने गोवा घेतला, मग विजापूरकर आले. साऱ्यांचा डोळा बंदरावर उतरणाऱ्या अरबी घोड्यांवर. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकला आणि पुढे देवळे पडली, धर्म बदलले. पण सारा कसा वसूल करायचा हा प्रश्न पडताच नव्या सरकारने १५२६ मध्ये गावकरीचे जुने रीतिरिवाजच लिहून काढून कायम केले. तलवारीने मुलूख मिळतो, पण बांध कसा राखायचा ते तलवारीला ठाऊक नसते.

मिठावर खरा घाव पडला तो कागदाने. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा तह झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता आणि गोव्याचे स्वस्त मीठ चोरवाटेने घाट चढे. म्हणून दरसाल चार लाख रुपये देऊन इंग्रजांनी गोव्याच्या मिठाचा कारभार आपल्या हाती घेतला. आगरे बंद पडली. ज्यांच्या दारात मीठ पिके त्यांनाच ते महाग झाले. त्याच तहाच्या पोटी मुरगाव बंदर आणि कॅसलरॉकचा घाट चढणारी रेल्वे आली. तह १८९२ मध्ये संपला, पण तोवर बरीच माणसे गाव सोडून चालू लागली होती. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावाचे 'कूड' उभे राहिले. एका मोठ्या खोलीत भिंतीला ओळीने पेट्या, आणि प्रत्येक पेटीचा धनी बोटीवर खलाशी, नाहीतर कुणाकडे आचारी, नाहीतर बँडमध्ये वाजविणारा. गोव्याच्या घरांतल्या चुली पुष्कळ काळ या पेट्यांतून आलेल्या पैशांवर पेटल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूच्या डोंगरांतले लोहखनिज जपानला जाऊ लागले. ज्या नद्यांतून मिठाचे मचवे जात, त्यांतूनच लाल मातीने भरलेल्या बार्जी मुरगावकडे धावू लागल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी वेगळे राहण्याचे ठरविले, ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाला. खाणी मात्र चालूच होत्या. चीनची मागणी वाढली तशी २०१०-११ साली निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. एक टन खनिज काढायचे तर दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ती पावसात ओहोळांतून शेतांत आणि नद्यांत उतरली. बेकायदा खाणकामाचा गवगवा झाला, २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे मर्यादा घालून सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. कर्ज काढून ट्रक घेतलेली कुटुंबे हप्त्यांच्या चिंतेत पडली. बार्जी काठाला गंजत उभ्या राहिल्या. २०२२ पासून नव्याने लिलाव सुरू झाले आहेत.

इकडे खाजणांचे काय? कूळकायद्याने, विशेषतः १९७६ च्या दुरुस्तीने, कसणाऱ्याला जमीन मिळाली. हे न्याय्यच झाले. मात्र गावकरीच्या हातून शेते गेली तसे बांधाचे जुने पालकही गेले, आणि ते काम कुळांच्या संघांकडे आले. काही गावांत संघ जागरूक आहेत. काही ठिकाणी मासळीला भाताहून भाव चांगला, म्हणून मानस मुद्दाम उघडी ठेवतात आणि खारे पाणी आत घेतात; शेजाऱ्याचे भात त्यात जाते आणि भांडण कचेरीपर्यंत पोहोचते. बांध एकदा फुटून शेत खारावले की ते पुन्हा भाताला यायला कित्येक पावसाळे जावे लागतात.