गाडीचे मालक कुठे आहेत?



मागच्या महिन्यात आमच्या एका गटातल्या ताईंबरोबर मी बँकेत गेले होते. ताईंना माल वाहायला छोटा टेम्पो घ्यायचाय. गाडी त्या स्वतः चालवतात, लायसन आहे. गटात नऊ वर्षं झाली, एकही हप्ता थकलेला नाही. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "मालक कुठे आहेत?" ताई म्हणाल्या, "मालक मीच होणार की." साहेब हसले. म्हणाले, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. येताना एसटीत ताई खिडकीबाहेर बघत बसल्या. मला मात्र दूरदेशीची एक बाई आठवत होती. तिलाही गाडी उत्तम चालवता येत होती आणि तिचंही घोडं पैशापाशीच अडलं. आज तिचीच गोष्ट सांगते.

तिचं नाव जॅनेट गथ्री. अमेरिकेतल्या आयोवा सिटी या गावी 1938 साली तिचा जन्म झाला. वडील विमान चालवायचे. मुलगी तेराव्या वर्षी विमान चालवायला शिकू लागली, सोळाव्या वर्षी तिने एकटीने विमान उडवलं आणि सतरा वर्षांची असताना परवाना मिळवला. पुढे मिशिगन विद्यापीठातून 1960 साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कजवळच्या रिपब्लिक एव्हिएशन या विमान कंपनीत संशोधनाच्या कामाला लागली. नासाने शास्त्रज्ञांमधून अंतराळवीर निवडायचं ठरवलं तेव्हा तिनेही अर्ज केला. पहिल्या चाळणीत ती पास झाली, पण पीएचडी नसल्यामुळे पुढे जाता आलं नाही.

पगाराच्या पैशातून तिने एक सेकंडहँड जॅग्वार गाडी घेतली. आधी मैदानातल्या छोट्या स्पर्धा केल्या, मग 1963 पासून शर्यतीत उतरली. या शर्यतींना स्पोर्ट्स कार रेसिंग म्हणतात. त्यातल्या मोठ्या शर्यती सहा, बारा, अगदी चोवीस तास चालतात. एकाच गाडीवर दोघं-तिघं चालक आळीपाळीने बसतात. रात्री दिव्यांच्या उजेडात शर्यत चालूच असते. अशा ठिकाणी नुसता वेग कामाचा नाही. गाडी शेवटपर्यंत टिकवावी लागते, म्हणजे इंजिनाचा आवाज ओळखता यावा लागतो.

जॅनेटला तो येत होता, कारण तिच्या गाडीचा मिस्त्री तीच होती. इंजिन उतरवायचं, सुटं करायचं, पुन्हा जोडायचं, सगळं तिचं ती करायची. शर्यतीच्या गावी हॉटेलला पैसे नसले की गाडीतच झोपायची. 1966 साली फ्लोरिडातल्या डेटोना इथे चोवीस तासांच्या शर्यतीत तीन बायकांच्या चमूने एक छोटी सनबीम गाडी शेवटपर्यंत नेली. त्या तिघींत एक जॅनेट होती. सेब्रिंग इथल्या बारा तासांच्या शर्यतीत तर ती दोनदा आपल्या गटात पहिली आली. तेरा वर्षं तिने असं काम केलं.

आता तिच्या हिशेबाच्या वहीकडे बघू. 1970 नंतर तिने एक टोयोटा गाडी घेऊन रात्रंदिवस खपून शर्यतीसाठी तयार केली. होतं नव्हतं ते तिच्यात घातलं. आणि ज्या मालिकेसाठी गाडी बांधली, ती मालिकाच आयोजकांनी बंद केली. शेळ्या घ्याव्यात आणि बाजारच उठावा, तसं झालं. 1975 साल उजाडेपर्यंत ती सदतिशीला आली होती. शिल्लक संपलेली, धड नोकरी नाही, दाराशी एक जुनी शर्यतीची गाडी. हे सोडून द्यावं असं तिच्या मनात येऊ लागलं होतं.

तेवढ्यात एक फोन आला. ऑरेगॉन राज्यातला रोला वॉलस्टेड नावाचा गृहस्थ स्वतःच्या शर्यतीच्या गाड्या बाळगून होता. त्याने विचारलं, इंडियानापोलिसला माझी गाडी चालवाल का? तिला आधी थट्टाच वाटली. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मानाची. तेहतीस गाड्या, दोनशे फेऱ्या, आठशे किलोमीटर. 1971 पर्यंत तिथल्या गॅरेजमध्ये बायकांना पाऊलसुद्धा टाकू देत नसत, मग ती पत्रकार असो की गाडीची मालकीण.

1976 साली जॅनेट तिथे गेली तेव्हा काही नामांकित चालकांनी गहजब केला. बाईच्या अंगात ताकद नसते, ती दमेल, आम्हाला धोका होईल. जॅनेटने उत्तर दिलं ते अशा अर्थाचं होतं, की मला गाडी चालवायची आहे, उचलून न्यायची नाही. पण त्या वर्षी तिला मिळालेली गाडीच पळेना. तेव्हा ए. जे. फॉइट या तिथल्या मोठ्या विजेत्याने आपली जादा गाडी तिला सरावाला दिली. नव्या गाडीत बसून तिने ताशी 180 मैलांच्या वर, म्हणजे सुमारे 290 किलोमीटर वेग काढला. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पण शर्यतीसाठी ती गाडी तिला मिळाली नाही. बाई तीच, रस्ता तोच. फरक होता तो गाडीत, आणि चांगली गाडी पैशाने येते.

त्याच महिन्यात शार्लट शहरातून बोलावणं आलं. तिथली शर्यत सहाशे मैलांची, ज्याला नासकार म्हणतात त्या प्रकारची. त्या शर्यतीसाठी तिच्या गाडीचे मालक कोण झाले माहीत आहे? लिंडा फेरेरी. बाई, आणि तीही बँकेत मोठ्या हुद्द्यावरची अधिकारी. हे वाचलं तेव्हा मी पान दोनदा वाचलं. मालक बाई, चालक बाई, आणि जॅनेट त्या शर्यतीत पंधरावी आली. पुढच्या वर्षी डेटोनाच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती आठवी चालली होती. दहा फेऱ्या उरल्या असताना इंजिनाचे दोन सिलिंडर गेले, तरी तिने बारावा नंबर राखला.

त्याच 1977 साली ती इंडियानापोलिसला पात्र ठरली, त्या शर्यतीत उतरणारी पहिली बाई. तिथे एक गंमत झाली. शर्यत सुरू होताना मैदानाचे मालक टोनी हलमन दरवर्षी पुकारायचे, सद्‌गृहस्थहो, इंजिनं सुरू करा. आता एक बाई आहे, तर काय म्हणायचं? मैदानवाले म्हणाले, इंजिन चालक नव्हे, मिस्त्री सुरू करतो आणि मिस्त्री पुरुषच असतात, म्हणून शब्द बदलणार नाही. मग जॅनेटच्या चमूने तिचं इंजिन सुरू करायला के बिग्नॉटी या बाईंनाच उभं केलं. शेवटी हलमनना पुकाऱ्यात त्या पहिल्या महिलेचा उल्लेख करावाच लागला. त्या दिवशी इंजिन बिघडून तिची शर्यत लवकर संपली.

1978 साली मात्र टेक्साको तेल कंपनीने पैसे दिले. जॅनेटने स्वतःची टीम उभी केली, माणसं नेमली, हिशेब सांभाळला. शर्यतीच्या दोन दिवस आधी टेनिस खेळताना पडून तिचं उजवं मनगट मोडलं. कळलं तर उतरू देणार नाहीत, म्हणून तिने बोभाटा केला नाही. गियर उजव्या हाताला, तर डावा हात पलीकडे नेऊन ती गियर टाकत राहिली. शर्यत संपेपर्यंत. आणि तेहतीस गाड्यांत नववी आली. बाईचा यापेक्षा वरचा नंबर तिथे यायला 2005 साल उजाडावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं केल्यावर पैसेवाले दारात रांग लावून उभे राहिले असतील. तसं झालं नाही. 1979 साली ती तिथे शेवटची धावली. 1980 साली डेटोनाला अकरावी आली. त्यानंतर कंपन्यांना पत्रं, फोन, भेटी अशी काही वर्षं गेली, पण प्रायोजक मिळेना. तिची शर्यतीतली कारकीर्द तिथे थांबली. प्रायोजक नाही म्हणून घरी बसलेले पुरुष चालकही पुष्कळ आहेत, हे खरं. पण बाई गाडी चालवू शकते का, हा प्रश्न त्यांना आधी सोडवावा लागला नव्हता. जॅनेटने तो सोडवला, आणि तो सुटल्यावरही पैसे आले नाहीत.

मैत्रिणींनो, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण गटात बायकांना सांगतो, पंचसूत्री पाळा. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी, सगळं नीट ठेवा म्हणजे बँक विश्वास ठेवेल. मीही सांगते. पण काम चोख असलं की भांडवल आपोआप येतं, हे खरं नाही. ते मागावं लागतं, आणि एकटीने मागून पुष्कळदा भागत नाही.

जॅनेटनंतर तिथे उतरणारी दुसरी बाई लिन सेंट जेम्स, 1992 साली. तीही स्पोर्ट्स कारवाली. सुमारे दीडशे कंपन्यांकडे जाऊन आली तेव्हा एका दुकानांच्या साखळीने तिला हो म्हटलं. पंचेचाळिसाव्या वर्षी ती अकरावी आली आणि नवोदितांचा मान मिळवणारी पहिली बाई ठरली. नंतर तिने तरुण मुलींसाठी प्रशिक्षण सुरू केलं. त्यात गाडी चालवण्याबरोबर प्रायोजकाशी कसं बोलायचं हेही शिकवलं जायचं. 2005 साली इंडियानापोलिसला चौथी आलेली डॅनिका पॅट्रिक तिथूनच गेलेली.

जॅनेटचं शिरस्त्राण आणि शर्यतीचा पोशाख आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलाय. मान मोठाच आहे. पण तिला विचारलं असतं, तर संग्रहालयापेक्षा अजून पाच वर्षांचं इंधन तिने मागितलं असतं, असं मला वाटतं.

टेम्पोचं सांगायचं राहिलं. परवा ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घेतला. पुढच्या सोमवारी ताईंबरोबर आम्ही पाच जणी जाणार आहोत. गटाचं वहीखातं, नऊ वर्षांची परतफेड आणि लायसनची प्रत बरोबर नेणार. अर्जाची पोच घेणार, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी मागणार. आणि साहेबांनी पुन्हा विचारलं, मालक कुठे आहेत, तर काय सांगायचं हे ताईंनी ठरवून ठेवलंय. त्या म्हणणार आहेत, "तुमच्या समोर बसल्यात."