खुंटीवरची बॅटरी

आमच्या घरात टॉर्च कुणी म्हणलं नाही, आणि विजेरी हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचला. बॅटरी म्हणजे ती लांबडी, पत्र्याची, तीन शेलाची, आण्णांची. सेलला आम्ही शेलच म्हणायचो, दुकानदारसुद्धा. ती माजघरातल्या खुंटीला सुतळीनं अडकवलेली असे आणि आण्णांशिवाय तिला कुणी हात लावत नसे.

घोडच्या कालव्याखाली श्रीगोंद्याच्या अंगाला आमचं रान. शेजपाळी आली की पाणी रात्र बघत नाही, दिवस बघत नाही. रात्री दोनला हाक आली तरी खोरं खांद्यावर टाकून दारं धरायला निघायचं. सहावी-सातवीत असल्यापासून मी मागोमाग जायचो. आण्णा बॅटरी सलग लावत नसत. बटण दाबायचं, पुढची दहा पावलं बघून घ्यायची, बंद. मग तेवढी दहा पावलं अंधारात चालायची. पुन्हा बटण. इंग्रजीत हिला फ्लॅशलाइट का म्हणतात ते पुढं वाचनात आलं. 1899 च्या सुमारास अमेरिकेत ती निघाली तेव्हाचे शेल इतके अशक्त, की दिवा सलग जळत नसे, नुसता चमकून विझायचा. त्यावरून ते नाव. मला हसू आलं. आमचे आण्णा जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही ती तशीच वापरत होते, फक्त पैशापायी.

शेल म्हणजे जस्ताचा डबा, मधे कार्बनची कांडी आणि भोवती काळा मसाला. वीज निघते ती जस्त झिजून. म्हणजे शेल आपली भिंत खाऊनच उजेड देतो. खाल्लेली भिंत काही परत येत नाही, म्हणून हा शेल पुन्हा भरायची सोय नाही. भिंतीला भोक पडलं की आतला चिकट रस गळतो. आमची पहिली बॅटरी त्यानंच गेली. शेल आत फुगून बसले, ते ठोकूनही निघाले नाहीत. उजेड तांबूस पडायला लागला की आई शेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायची. उबेनं आतली क्रिया जरा जोर धरते आणि आणखी एखादी रात्र निघते. आईला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. अगदीच संपलेले शेल आम्हा पोरांचे. कांडी काढून फरशीवर रेघोट्या मारायच्या आणि काळ्या मसाल्यानं चड्ड्या भरवून मार खायचा.

1988 च्या उन्हाळ्यात धाकट्या चुलतीला बांधावर घोणस चावली. बायका पहाटे अंधारातच परसाकडं जात. कुणाला दिसू नये म्हणून अंधारात, आणि दिसू नये म्हणूनच उजेडाशिवाय. बॅटरी त्या वेळी खुंटीवरच होती. शेल नवे घातलेले, पण पाळी त्याच आठवड्यात होती म्हणून राखून ठेवलेले. जीपगाडी मिळेपर्यंत उजाडलं. चुलती वाचली, पण टाचेचं मांस गेलं आणि पाय कायमचा लंगडा झाला. दवाखान्यातून तिला आणल्यावर आण्णा आईला एवढंच म्हणाले, "पहाटं बॅटरी नेत जावा." आईनं नेली नाही. शेल संपतील म्हणायची.

चार्जिंगची बॅटरी पुढं आठवडी बाजारात आली. पहिल्या आल्या त्या शिशाच्या. महिना-दोन महिने न भरता ठेवली की कायमची मेली. आमची दुसरा पावसाळा बघू शकली नाही. खरा फरक लिथियमनं पडला. सोनीनं हा शेल 1991 मध्ये बाजारात आणला तो व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. जपानात कुणी दारं धरणाऱ्याचा विचार करून तो केला नव्हता. त्यातलं लिथियम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं आणि चार्जिंगला लावलं की परत येतं. भिंत खाल्ली जात नाही. पुढं निळ्या एलईडीतून पांढरा एलईडी निघाला. जुना बल्ब घेतलेल्या विजेची बहुतेक ऊबच करून टाकायचा; या दिव्याला मात्र अंगठ्याएवढा, 3.7 व्होल्टचा एकच शेल पुरतो. आमच्या घरात असली बॅटरी मी नोकरीला लागल्यावर आणली. आईनं सवयीप्रमाणं दुसऱ्याच दिवशी ती उन्हात ठेवली. लिथियमला ऊन औषध नाही, उलट घातक, हे तिला पटवायला आठवडा गेला.

सगळं गोडच झालं असं नाही. एकदा वादळात खांब पडले आणि चार दिवस लाईट नव्हती. सगळ्यांच्या बॅटऱ्या माना टाकून बसल्या. तेव्हा आण्णांनी माळ्यावरची पत्र्याची बॅटरी काढली आणि मला शेल आणायला पिटाळलं. त्या चार रात्री ते खुशीत होते.

आता घरात पाच बॅटऱ्या आहेत. त्यातली एक चुलतीच्या उशाशी असते. संडास अंगणातच झालाय, वीस पावलांवर. पहाटे ती उठते, बॅटरी लावते, ती परत येऊन अंथरुणावर बसेपर्यंत चालूच असते. आण्णा ओट्यावरनं आईला म्हणतात, "बंद करा म्हणावं ती, चार्जिंग जाईल." चुलती त्यांच्याशी थेट बोलत नाही, तीही आईलाच सांगते.

"आक्का, भावजींना म्हणावं, जाऊ द्या. भरंल पुन्हा."