वेळास कासव संवर्धन

वेळास हे महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील समुद्रकिनाऱ्यावरचे गाव आहे. ते सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोट खाडीच्या दक्षिणेस वसले आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. येथील किनारा ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या विणीसाठी प्रसिद्ध आहे. या किनाऱ्याला राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य असा दर्जा नाही. कासवांचे संरक्षण मुख्यतः ग्रामस्थांच्या सहभागातून होते.

== वीण ==
साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीरेषेच्या वर वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पिल्लांचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. अधिक उबदार घरट्यांतून माद्या अधिक निपजतात.

== संवर्धन ==
पूर्वी येथील अंडी माणसे खाण्यासाठी व विक्रीसाठी उकरून नेत. कुत्री व कोल्हेही घरटी उद्ध्वस्त करीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साहाय्याने संवर्धनाचे काम सुरू केले. 'कासवमित्र' पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात. अंडी कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यांत पुरली जातात. पिल्ले निघण्याच्या सुमारास घरट्यावर टोपली ठेवतात व बाहेर आलेली पिल्ले समुद्रात सोडतात. हे पाहण्यासाठी कासव महोत्सव भरतो. पर्यटक ग्रामस्थांच्या घरी उतरत असल्याने संवर्धनातून गावाला उत्पन्नही मिळते.

== कायदेशीर संरक्षण ==
ऑलिव्ह रिडले कासवाचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार कासवांच्या विणीच्या जागा आणि खारफुटी (कांदळवन) ही दोन्ही सर्वाधिक संवेदनशील वर्गात मोडतात. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे.

== संशोधन ==
जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रह संदेशक बसविण्यात आला. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातीलच गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांमध्ये संबंध असल्याचे यावरून दिसून आले.